झिजलेल्या टायरचा हिशेब

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली आणि नगरच्या रस्त्यांवर उसाने खच्चून भरलेल्या बैलगाड्या कारखान्याच्या दिशेने चालू लागतात. या गाड्यांखाली रबरी चाकं असतात. मुकादमाच्या वहीत ऊसतोड टोळ्यांची विभागणीच ‘टायर सेंटर’, ‘गाडी सेंटर’, ‘डोकी सेंटर’ अशी होते. जुने शेतकरी याच गाडीला डनलॉप गाडी म्हणत. लोखंडी धाव चढवलेलं लाकडी चाक मातीच्या रस्त्यात खोल चाकोरी पाडी आणि बैलांचा दम काढी. हवा भरलेल्या चाकावर तीच जोडी कितीतरी जास्त ओझं ओढू लागली. या गाड्यांना बऱ्याचदा मोटारीवरून उतरवलेले जुने टायर बसत. ट्रकमालकाने निकालात काढलेला टायर बैलामागे आणखी कित्येक हंगाम धावे.

टायर झिजला म्हणजे संपला, असं महाराष्ट्रात फार काळ कुणी मानलं नाही. आज दारापुढच्या छोट्या एसयूव्हीचे चार टायर एकदम बदलायचे म्हटलं की घरात जी चर्चा होते, तिच्यामागे हा सगळा इतिहास उभा असतो.

हवेच्या टायरचं पहिलं पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये घेतलं, पण ते मागे पडलं. १८८८ मध्ये बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हीच कल्पना नव्याने शोधून काढली आणि तिचा धंदा उभा राहिला. मिशेलिन बंधूंनी १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेचे टायर लावलेली मोटार उतरवली. वाटेत पंक्चरांनी त्यांना हैराण केलं, पण मोटार हवेवर चालू शकते हे जगाने पाहिलं. त्या काळच्या रस्त्यांवर घोड्यांच्या नालांचे आणि बैलांच्या पत्रीचे खिळे पडलेले असत. पंक्चर ही रोजचीच गोष्ट होती, आणि सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. वेल्समधल्या लानेली गावात, स्टेपनी स्ट्रीटवर, १९०४ मध्ये दोन भावांनी एक जादा रिम विकायला काढली. ती टायरसकट पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला अडकवायची आणि घर गाठायचं. तो कारखाना कधीच इतिहासजमा झाला, पण त्या रस्त्याचं नाव आपल्या प्रत्येक गॅरेजमध्ये दिवसातून दहा वेळा घेतलं जातं.

भारतातला पहिला टायर कारखाना डनलॉपने १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला सुरू केला. पाठोपाठ अमेरिकेच्या फायरस्टोनने मुंबईत शिवडीला आपला कारखाना उभारला. मग दुसरं महायुद्ध आलं. १९४२ च्या सुरुवातीच्या महिन्यांत जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतलं आणि जगातल्या नैसर्गिक रबराचा बहुतांश पुरवठा एका झटक्यात तुटला. पेट्रोलसारखंच टायरवरही रेशन आलं. इथपासून एक सवय पक्की झाली: टायर मिळेल तेव्हा घ्यायचा, आणि एकदा मिळाला की त्याचा शेवटचा कण वसूल करायचा.

स्वातंत्र्यानंतर परवाने आणि आयातबंदीच्या काळाने ही सवय आणखी घट्ट केली. एमआरएफ या टायर कंपनीची वाटचाल या दृष्टीने फार बोलकी आहे. के. एम. माम्मेन माप्पिळ्ळै यांनी १९४६ मध्ये मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला फुगे करायला सुरुवात केली. १९५२ मध्ये ते ट्रेड रबराकडे वळले, म्हणजे जुन्या टायरवर चढवायच्या नव्या थराकडे. नवा टायर त्यांनी बनवला तो १९६१ नंतर, ओहायोच्या मॅन्सफील्ड कंपनीच्या मदतीने. देशातली एक बलाढ्य टायर कंपनी आधी झिजलेल्या टायरवर उभी राहिली आणि मग नव्याकडे गेली. गोव्यात फोंड्याजवळ उसगावला तिचा कारखाना आहे. भांडुपला १९५८ च्या सुमारास इटलीच्या तुरीन शहरातली सीएट कंपनी आली. शिवडीच्या कारखान्याचे मालक पुढे बदलले आणि तो ‘बॉम्बे टायर’ झाला. उत्पादन शुल्क नेमकं कोणत्या किमतीवर आकारायचं, यावर १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल याच कंपनीच्या नावाने ओळखला जातो. पुढे तो कारखाना बंद पडला.

या कारखान्यांच्या सावलीत रिमोल्डिंगचा धंदा वाढला. आलेला टायर आधी उजेडात धरून आतून तपासायचा. कुठे दोरा तुटलाय का, कड फाटलीय का, हे बोटाने चाचपायचं. मग उरलेली नक्षी खरवडून काढायची, सोल्युशन लावायचं, नव्या रबराची पट्टी चढवायची आणि वाफेच्या साच्यात शिजवायचं. जळक्या रबराचा आणि गंधकाचा वास ती दुकानं लांबूनच सांगे. ट्रकच्या टायरचा चांगला सांगाडा असा एकदा, कधी दोनदा नवा होई. ज्यांना तेवढेही पैसे नसत, ते नक्षी झिजून गोटा झालेल्या टायरवर तापलेल्या पात्याने खाचा पाडून घेत. रिमोल्डिंग ही खरी कारागिरी होती. ही खाचांची युक्ती मात्र तेव्हाही घातकच होती, कारण तिने रबर वाढत नाही, उलट दोऱ्यापर्यंत उरलेला थर आणखी पातळ होतो.

रस्त्याकडेचा पंक्चरवाला ही या व्यवस्थेची शेवटची कडी. मुंबई-पुणे किंवा मुंबई-नाशिक रस्त्यावर केरळहून आलेल्या माणसांनी टाकलेली टायर वर्क्सची दुकानं जुन्या ड्रायव्हरांच्या चांगली लक्षात असतील. दारात उभा केलेला टायर हीच त्यांची पाटी. पाण्याच्या टबात ट्यूब दाबून बुडबुडे बघणं, गरम पंक्चर, टायरला आतून मारलेलं गेटरचं ठिगळ, पायाने दाबून हवेचा अंदाज, हे सगळं ज्ञान हातात होतं. त्या काळच्या प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या टायरची रुंदी ५.२० इंच, म्हणजे १३२ मिलिमीटरच्या आसपास, आणि गाडी क्वचितच ऐंशीच्या पुढे जाई. त्या वेगाला तो हाताचा अंदाज पुरत होता.

बदल आतून सुरू झाला. जुन्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत. चाक फिरताना ते थर एकमेकांवर घासत आणि तापत. मिशेलिनने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या रेडियलमध्ये दोरे कडेपासून कडेपर्यंत आडवे जातात आणि नक्षीखाली पोलादी पट्टे असतात. भारतात जेके टायरने १९७७ मध्ये रेडियल आणला, पण खड्डे, कोवळ्या बाजूंना बसणारे घाव आणि जादा भार यांमुळे त्याला रुजायला वेळ लागला. मोटारीत तो मारुतीच्या पिढीबरोबर घरोघर पोचला. मागोमाग ट्यूब गेली. पाण्याचा टब दुकानाच्या मागच्या बाजूला सरकला आणि समोर बॅलन्सिंगचं यंत्र आलं.

छोट्या एसयूव्हीचा जन्म मात्र अर्थसंकल्पातला आहे. २००६ मध्ये चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. कंपन्यांनी उंच, दणकट दिसणाऱ्या गाड्या त्या चार मीटरात बसवायला सुरुवात केली. पहिल्यांपैकी एक होती २००९ ची प्रीमियर रिओ, चिंचवडला तयार झालेली. पद्मिनी बनवणाऱ्या कंपनीचीच ही शेवटची मोठी उडी. २०१३ मध्ये फोर्ड इकोस्पोर्ट आली, २०१७ मध्ये रांजणगावहून टाटा नेक्सॉन. रिओ आणि इकोस्पोर्टची स्टेपनी मागच्या दारावर बाहेर दिमाखात टांगलेली होती. २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला: ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी दिली नाही तरी चालेल.

या गाड्यांचे टायर २०० मिलिमीटरच्या आसपास रुंद, गाडी उंच, आणि रस्ता समृद्धी महामार्गासारखा: ७०१ किलोमीटर, १२० ची वेगमर्यादा. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि टायर फुटून होणाऱ्या अपघातांनी राज्य हादरलं. परिवहन विभागाला प्रवेशद्वारापाशी टायर तपासून गोटा टायरच्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या. अनेकांनी दोष काँक्रीटला दिला. खरा घात बहुधा कमी हवेचा असतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात वाकते, रबर आतली उष्णता बाहेर सोडत नाही, आणि तासभर एकाच वेगाने गेल्यावर बांधणीच सुटते. गावातल्या गावात तोच टायर वर्षभर तक्रार करत नाही. जुनी काटकसर चुकीची नव्हती. ती ज्या वेगावर बेतलेली होती तो वेग आता राहिलेला नाही, आणि हे न ओळखल्याची किंमत माणसं जिवाने मोजत आहेत.

म्हणून दुकानातली तपासणीही बदलली आहे. नक्षीच्या खोबणीत १.६ मिलिमीटरवर रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर काढायचा. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीची नक्षी भरपूर दिसते, पण रबर वयानेही कडक होतं आणि त्याला बारीक तडे जातात, हे गिऱ्हाईकाला पटवणं आजही टायरवाल्याला जड जातं. दोनच टायर घेतले तर ते पुढे लावा असा बहुतेकांचा आग्रह असतो. नवे मागे लावावेत असं टायर कंपन्या सांगतात, कारण ओल्या रस्त्यावर मागचं चाक सुटलं तर गाडी फिरते आणि ती सावरणं अवघड असतं. कोकणात पावसाळ्यात घाट उतरणाऱ्यांसाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

काढलेल्या टायरची वाटही आता वेगळी आहे. मोटारीचा टायर रिमोल्ड करणं जवळजवळ थांबलं. थोडे टायर ससून डॉकसारख्या बंदरांत बोटींच्या कडेला लटकतात, थोड्यांच्या चपला होतात. पुष्कळसे पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यासारख्या ठिकाणी भट्ट्यांत जातात. तिथे हवाबंद टाकीत टायर तापवून तेल, काजळी आणि पोलादाची तार वेगळी काढतात. या भट्ट्यांच्या धुराच्या आणि अपघातांच्या तक्रारी आसपासची गावं वर्षानुवर्षं करत आली आहेत. जुलै २०२२ पासून टाकाऊ टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी कायद्याने टायर बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर टाकली आहे.