लडलोचे शाळकरी समीक्षक आणि टक्केवारीची मोजपट्टी

१/
फेब्रुवारी १९८४. इंग्लंडच्या पश्चिमेस, वेल्सच्या सीमेनजीक, लडलो नावाचे किल्ला असलेले जुने बाजारपेठेचे गाव आहे. तेथून ‘क्रॅश’ या मासिकाचा पहिला अंक निघाला. विषय एकच: झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावरचे गेम. परीक्षणे लिहिणाऱ्यांत गावातल्या शाळकरी मुलांचा भरणा होता. एकट्यादुकट्याने बनवलेल्या, एकमेकांशी कसलेही साम्य नसलेल्या खेळांची पारख कशी करावी, हा प्रश्न आज ‘इंडी गेम’च्या काळात नवा वाटतो. तो या मुलांपुढे चाळीस वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. 🧵

२/
स्पेक्ट्रम बाजारात आला २३ एप्रिल १९८२ रोजी. १६ केबीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. रबरी कळा, पडदा म्हणून घरातलाच टीव्ही आणि गेम साठवायला गाण्यांची असते तशी साधी कॅसेट. ती टेपरेकॉर्डरवर लावायची, कर्कश आवाज ऐकत काही मिनिटे थांबायचे. अगदी शेवटी गफलत झाली, तर कॅसेट मागे फिरवून पुन्हा पहिल्यापासून.

३/
या स्वस्त यंत्राचा परिणाम असा झाला की गेम बनवायला कारखाना लागेना. मॅथ्यू स्मिथने ‘मॅनिक मायनर’ लिहिला तेव्हा, १९८३ मध्ये, तो अजून विशीतही पोहोचला नव्हता. ‘लॉर्ड्स ऑफ मिडनाइट’ (१९८४) लिहिणारे माइक सिंगलटन पेशाने शिक्षक. झोपायच्या खोलीत बसून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची एक पिढीच ब्रिटनमध्ये तयार झाली.

४/
विकत घेणारेही त्याच वयाचे होते. पाच-सहा पौंडांची कॅसेट म्हणजे शाळकरी पोराचा कित्येक आठवड्यांचा हातखर्च. वेष्टनावर देखणे रंगीत चित्र, आत मात्र दोन रंगांचे चौकोन. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आठ बाय आठ बिंदूंच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग बसत, त्यामुळे नायक झाडाजवळून गेला की झाडाचा रंग त्याच्या अंगाला लागे. हे दुकानात कळायला मार्ग नव्हता.

५/
जाहिरातींवर तर मुळीच विसंबता येत नसे. लिव्हरपूलच्या इमॅजिन कंपनीने ‘बँडरस्नॅच’ आणि ‘सायक्लॅप्स’ या ‘महागेम’च्या मोठमोठ्या जाहिराती दिल्या. जुलै १९८४ मध्ये कंपनी बुडाली. बीबीसीचे चित्रीकरण पथक तिच्यावर माहितीपट करत असतानाच हे घडले! जाहिरातीतले दोन्ही गेम कधीच विक्रीला आले नाहीत. २०१८ मध्ये ‘ब्लॅक मिरर’ मालिकेतल्या चित्रपटाने ‘बँडरस्नॅच’ हे नाव घेतले, ते या बुडालेल्या गेमची आठवण म्हणूनच.

६/
अशा बाजारात ‘क्रॅश’ आले. रॉजर कीन आणि ऑलिव्हर व फ्रँको हे फ्राय बंधू यांची न्यूजफील्ड ही कंपनी आधी टपालाने गेम विकत असे. ‘क्रॅश’ हे नाव मूळचे त्या विक्रीसूचीचे. म्हणजे विक्रेताच परीक्षक झाला होता. ही गोष्ट सहज कानाआड करण्यासारखी नाही. तरीही मासिकाचा दरारा वाढत गेला, आणि त्याचे कारण त्याच्या पद्धतीत होते.

७/
पद्धत अशी. प्रत्येक गेम एकाहून अधिक, बहुधा तिघा समीक्षकांनी खेळायचा. आधी खेळाचे वर्णन, मग त्या तिघांची मते वेगवेगळी छापायची. मतांखाली नावे नसत. एकाला जे मोहवी ते दुसऱ्याला कंटाळवाणे वाटे, आणि दोन्ही मते एकाच पानावर शेजारी शेजारी येत. वाचकाने आपली आवड ज्याच्याशी जुळते त्याचे ऐकावे. निनावीपणामुळे पंधरा वर्षांच्या मुलालाही नामांकित कंपनीचा गेम टाकाऊ ठरवता येई. गमतीची बाब म्हणजे ठळक नावानिशी वाचकांच्या पत्रांना उत्तरे देणारे लॉइड मँग्रम हे गृहस्थ अस्तित्वातच नव्हते. ते संपादकांनी रचलेले पात्र होते.

८/
मतांखाली आकडे असत. संगणकाचा वापर, चित्रे, खेळण्यातली सहजता, सुरुवात करून देण्याची रीत, चटक लावण्याची ताकद, पैशाचे मोल आणि शेवटी एकूण गुण. सगळे टक्क्यांत. एकूण गुण नव्वदीत गेले की गेम ‘क्रॅश स्मॅश’ ठरे. अल्टिमेट कंपनीच्या ‘नाइट लोअर’ला ९४ टक्के मिळाले होते.

९/
हे आकडे तिघांच्या गुणांची सरासरी असत, आणि पद्धतीची गोम इथेच होती. दोघांनी ९० दिले आणि एकाने ३०, तर सरासरी येते ७०. तिघांनीही ७० दिले, तरी ७०. पहिला गेम काहींना वेड लावणारा आणि काहींना असह्य, तर दुसरा सर्वांना बरा वाटणारा. मजकूर हा फरक नीट सांगत होता. आकडा तो पुसून टाकत होता. आणि घाईत असलेला वाचक आधी आकडाच पाहतो, हे कोणत्याही शाळकरी मुलाला प्रगतिपुस्तकावरून ठाऊक असते.

१०/
प्रकार बदलला की अडचण आणखी वाढे. शब्दसाहसांचेच पाहावे. या खेळांत चित्रे नसत किंवा नावापुरती असत. ‘उत्तरेला जा’, ‘दिवा पेटव’ अशा आज्ञा टंकित करायच्या आणि कथा पुढे सरकवायची. १९८३ मध्ये गिलसॉफ्टने ‘द क्विल’ हे साधन विकायला काढले. प्रोग्रॅमिंग न शिकताही त्यावर असे साहस रचता येई. मग काय, घरोघरी साहसे लिहिली जाऊ लागली, टेपवर उतरवून टपालाने विकली जाऊ लागली. फर्गस मॅक्नील या किशोराने आपल्या डेल्टा ४ या घरगुती कंपनीतर्फे टोलकिनचे विडंबन करणारा ‘बोअर्ड ऑफ द रिंग्ज’ याच साधनावर रचला. अशा खेळाला चित्रांचे गुण किती द्यायचे?

११/
‘क्रॅश’ने यावर शोधलेला उपाय सुज्ञ होता. साहसखेळांसाठी स्वतंत्र सदर आणि स्वतंत्र मोजपट्टी. सदर लिहिणारे डेरेक ब्रूस्टर स्वतः ‘व्हेलनर्स लेअर’सारख्या साहसखेळाचे कर्ते होते. त्यांचे निकष होते वातावरण, शब्दसंग्रह, तर्कसंगती, निर्दोषपणा. शब्दसंग्रह म्हणजे खेळाला खेळाडूचे किती शब्द समजतात. ‘उचल’ म्हटलेले कळते पण ‘घे’ म्हटलेले कळत नाही, असा खेळ छळवादी ठरतो. निर्दोषपणा म्हणजे प्रोग्रॅम मध्येच कोलमडतो का, याची तपासणी. हे निकष या प्रकाराच्या आतून आलेले होते. गेम बनवणाऱ्यालाच परीक्षक नेमण्यात हितसंबंधांचा धोका उघड होता, पण कोठे पाहायचे हे त्यालाच नेमके ठाऊक होते.

१२/
युद्ध आणि डावपेचांच्या खेळांसाठीही पुढे ‘फ्रंटलाइन’ हे सदर निघाले. तिथे बोटांच्या चपळाईला मोल नव्हते. विचार करायला किती वाव आहे, हे पाहिले जाई.

१३/
तरीही काही खेळ कोणत्याच सदरात मावत नव्हते. पोर्टस्मथच्या मेल क्रूचर यांच्या ऑटोमाटा कंपनीने १९८४ मध्ये ‘डेउस एक्स माखिना’ काढला. सोबत दोन कॅसेट. एकीवर प्रोग्रॅम, दुसरीवर संगीत आणि संवाद. इयन ड्यूरी, जॉन पर्टवी, फ्रँकी हॉवर्ड अशा नामवंतांचे आवाज. दोन्ही एकाच क्षणी सुरू करायच्या आणि एका जीवाचा जन्मापासून मरणापर्यंतचा प्रवास सांभाळायचा. खेळाडू काहीही करो, ध्वनिफीत संपली की आयुष्य संपले. यात गुणही टक्क्यांतच असत, फक्त ते चढत नसत, खेळाडूच्या चुकांबरोबर घसरत जात. जणू क्रूचर यांनी मोजपट्टीचीच थट्टा मांडली होती.

१४/
किंमत १५ पौंड, म्हणजे नेहमीच्या कॅसेटच्या अडीच-तीन पट. कौतुक पुष्कळ झाले, पण दुकानदारांनी पाठ फिरवली आणि विक्री झाली नाही. चटक लावण्याची ताकद आणि पैशाचे मोल हे दोन रकाने अशा कृतीसाठी निरर्थक होते. पण खिशात मोजकेच पैसे असलेल्या मुलाच्या दृष्टीने तेच दोन रकाने सर्वांत महत्त्वाचे होते, हेही मान्य करायला हवे. परीक्षण कोणाच्या बाजूने उभे राहते, कर्त्याच्या की गिऱ्हाइकाच्या, हा पेच इथे पहिल्यांदा धारदारपणे दिसला.

१५/
दुसऱ्या टोकाला मास्टरट्रॉनिक. १.९९ पौंडाला गेम, आणि तोही वर्तमानपत्रांच्या दुकानांत. इतक्या स्वस्त वस्तूसाठी कोणी परीक्षण शोधत बसत नाही, तरी परीक्षकांनी हे खेळ टाळले नाहीत. १९८५ चा ‘फाइंडर्स कीपर्स’ याच किमतीत आला आणि वाखाणला गेला.

१६/
एक धागा आणखी. मे १९८५ मध्ये न्यूजफील्डने कमोडोर ६४ साठी ‘झॅप! ६४’ काढले. त्याचे पहिले संपादक क्रिस अँडरसन. जन्म पाकिस्तानातला, काही शिक्षण मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत. ‘टेड’ व्याख्यानांमुळे जगाला माहीत झालेले क्रिस अँडरसन ते हेच.

१७/
१९९१ मध्ये न्यूजफील्ड दिवाळखोरीत निघाली. तोवर काळ कन्सोलचा आला होता. कार्ट्रिज बनवायला यंत्र विकणाऱ्या कंपनीचा परवाना आणि मोठे भांडवल लागे. एकट्या कर्त्याला दुकानात जागा उरली नाही. ती त्याला पुन्हा मिळाली ती इंटरनेटमुळे.

१८/
२००७ मध्ये जेसन रोहरर यांचा ‘पॅसेज’ आला. विनामूल्य, पाच मिनिटांचा, खेळाची चौकट अवघी १०० बाय १६ बिंदूंची. माणूस डावीकडून उजवीकडे चालतो. वाटेत जोडीदार भेटते. तिला सोबत घेतले तर अरुंद वाटांतले खजिने हाती लागत नाहीत. दोघे म्हातारे होतात, मरतात. ‘डेउस एक्स माखिना’चाच विषय, तेवीस वर्षांनंतर. याला टक्के देण्याच्या भानगडीत न पडता अनेकांनी निबंध लिहिले. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहासाठी जे पहिले १४ गेम घेतले, त्यांत ‘पॅसेज’ होता.

१९/
पण बाजाराने आकडाच उचलला. २००१ पासून ‘मेटाक्रिटिक’ने सगळ्या परीक्षणांची मिळून एक सरासरी मांडायला सुरुवात केली. म्हणजे सरासऱ्यांचीही सरासरी. २०१३ पासून ‘स्टीम’वर ग्राहक शिफारस करतात किंवा करत नाहीत, मधला पर्याय नाही. २०१५ पासून दोन तासांहून कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो. ग्राहकाच्या दृष्टीने हे रास्तच. इमॅजिनच्या काळातल्या मुलांना ही सोय हवीच होती! मात्र ज्याचा गेमच दीड तासाचा आहे, त्या कर्त्यावर पूर्ण खेळून पैसे परत मागणाऱ्यांना तोंड देण्याची वेळ आली.

२०/
या सरासरीचा अनुभव पुण्यानेही घेतला. नॉडिंग हेड्स गेम्स या तिथल्या छोट्या स्टुडिओने ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ बनवला. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी काम थांबले नाही आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेंडो स्विचवर आला. असुरांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेली राजी, आणि तिची कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू. परीक्षकांनी चित्रशैली आणि वास्तुरचना उचलून धरल्या. लढतींचा अवघडलेपणा आणि अर्ध्यावर तुटणारा शेवट यांवर बोट ठेवले. दोन्ही मते खरी होती आणि एकाच गेमबद्दल होती. लडलोच्या पानावर ती शेजारी शेजारी छापली गेली असती. सरासरीच्या आकड्यात ती एकमेकांत विरून गेली.

२१/
त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या नामांकनांत ‘राजी’ होता. पुरस्कार मात्र ‘फॅस्मोफोबिया’ या भुताखेतांच्या गेमला मिळाला. तो तेव्हा अपुऱ्या अवस्थेतच विकला जात होता, आणि बनवला होता इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या एकट्या प्रोग्रॅमरने. क्रूचर यांचे पोर्टस्मथ तिथून जवळच आहे.