दुर्गाबाईंची वकिली

काकिनाड्यास १९२३ साली काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. तेथील प्रदर्शनाच्या दारावर एक चौदा वर्षांची स्वयंसेविका उभी होती. तिकिटावाचून कोणासही आत सोडावयाचे नाही, अशी तिला ताकीद होती. जवाहरलाल नेहरू आले. जवळ तिकीट नव्हते. मुलीने त्यांस अडविले आणि तिकीट हाती आल्यावरच आत जाऊ दिले. पुढे दुर्गाबाई देशमुख म्हणून विख्यात झालेली ती हीच. ही गोष्ट गमतीची म्हणून सांगतात. परंतु नियम थोरांनाही लागू असतो, ही समजूत तिच्या ठायी किती लवकर रुजली होती, हे तीत दिसते.

आठव्या वर्षी तिचा विवाह झाला होता. जाणती झाल्यावर तिने तो संसार नाकारला, आणि वडील व भाऊ, आश्चर्य वाटावे अशा निश्चयाने, तिच्या पाठीशी राहिले. मिठाच्या सत्याग्रहापासून तुरुंगवास सुरू झाला. तेथे राजकीय कैद्यांखेरीज दुसऱ्याही स्त्रिया होत्या. खुनाच्या आरोपाखाली शिक्षा भोगणाऱ्या कित्येकींस आपल्यावर कोणता आरोप आला, आपल्या बचावाचा मार्ग कोणता, ह्याची काडीइतकी कल्पना नव्हती. त्यांच्या कहाण्या ऐकूनच कायदा शिकण्याचा संकल्प दुर्गाबाईंनी केला. पण शाळा तर अर्धवट सुटलेली! मॅट्रिकपासून पायऱ्या चढत १९४२ साली त्यांनी मद्रासेस कायद्याची पदवी मिळविली व तेथील हायकोर्टात वकिली सुरू केली.

१९४६ साली त्या घटनासमितीत गेल्या. सभापतींच्या तालिकेत त्या एकट्याच स्त्री होत्या. वरिष्ठ सभागृहाच्या सभासदाची वयोमर्यादा पस्तिसांवरून तिसांवर आणावी, असे त्यांनी सुचविले, आणि घटनेत तीसच राहिले. परंतु त्यांच्या भाषणांतील अधिक मोलाचा भाग निराळा आहे. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेता येणे, हाच इतर सर्व हक्कांचा पाया होय, असे त्यांनी १९४८ च्या डिसेंबरात प्रतिपादिले. ज्यांना दाद मागण्याची वाट ठाऊक नव्हती, अशा स्त्रिया पाहून आलेल्या वकिलाचेच हे बोलणे होते.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. तरी नियोजन मंडळावर त्यांची नेमणूक झाली. १९५३ च्या जानेवारीत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांशी त्यांचा विवाह झाला. महाडजवळचे हे चिंतामणराव मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपद सोडून बाहेर पडले, हे मराठी माणसास वेगळे सांगावयास नको.

त्याच १९५३ साली चीनमध्ये जाऊन आल्यावर कौटुंबिक तंट्यांसाठी निराळी न्यायालये असावीत, हा विचार दुर्गाबाईंनी मांडला. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती छागला व न्यायमूर्ती गजेंद्रगडकर ह्यांच्याशी त्यांनी त्याची चर्चा केली. नेहरूंच्याही कानावर घातला. सरकारी चाके सावकाश फिरतात, ती येथे फारच सावकाश फिरली. दुर्गाबाई १९८१ च्या मे महिन्यात निवर्तल्या. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ साली झाला.