कोडचा सातबारा

जमीन घेताना आपण आधी काय बघतो? सातबारा. देणारा आणि घेणारा एकमेकांना लहानपणापासून ओळखत असले, तरी उताऱ्यावर नाव कोणाचं आहे हे बघितल्याशिवाय शहाणा माणूस इसार देत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र आपण सगळे एकदम बिनधास्त. नेटवर दिसलं, उतरवलं, चालवलं, विषय संपला! पण एक एडिटर असा आहे की त्याच्या अधिकृत भांडारात तुमचं दोनशे ओळींचं पॅकेज टाकायचं असेल, तर तिथली मंडळी आधी कोडचा सातबारा मागतात. त्या एडिटरचं नाव इमॅक्स. हा कागद मागायची वेळ का आली, ती गोष्ट मोठी मजेदार आहे.

ज्यांचा इमॅक्सशी संबंध आला नाही (सुखी आहात!) त्यांच्यासाठी थोडं नमन. १९७६ मध्ये एमआयटीच्या एआय लॅबमध्ये टेको नावाचा एक एडिटर होता. त्यासाठी जो तो आपापले मॅक्रो लिहायचा. रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी ते एकत्र आणून त्यांना शिस्त लावली आणि 'एडिटिंग मॅक्रोज' म्हणून नाव पडलं इमॅक्स. फुकट घ्या, पण सुधारणा केलीत तर ती परत पाठवा, एवढीच अट. सगळा मामला विश्वासाचा. कागद वगैरे काही नाही.

मग १९८१ मध्ये जेम्स गॉसलिंगने युनिक्ससाठी सी भाषेत आपला वेगळा इमॅक्स लिहिला. नाव ओळखीचं वाटतंय ना? बरोबर, पुढे सनमध्ये जावा बनवणारा तोच हा. म्हणजे माझ्यासारख्या हजारो पोरांच्या पोटापाण्याची सोय करणारा माणूस! सुरुवातीला हा इमॅक्सही हातोहात फिरत होता. पण १९८३ मध्ये गॉसलिंगने तो युनिप्रेस नावाच्या कंपनीला विकला.

१९८४ मध्ये स्टॉलमनने ग्नू इमॅक्स लिहायला घेतला. त्यात पडद्यावर मजकूर रंगवणारा भाग सगळ्यात किचकट. गॉसलिंगच्या कोडमध्ये या भागाच्या सुरुवातीला चक्क कवटी आणि हाडं काढलेली होती, 'पुढे धोका आहे' अशा अर्थाची! स्टॉलमनने त्यातला काही कोड वापरला. आधार काय, तर गॉसलिंगच्या इमॅक्सवर काम केलेला एक मित्र म्हणाला, की ही आवृत्ती वाटायला गॉसलिंगने मला ई-मेलवर परवानगी दिली आहे. मार्च १९८५ मध्ये ग्नू इमॅक्स लोकांसमोर आला आणि युनिप्रेसने हरकत घेतली. ही परवानगी त्यांना मान्य नव्हती. कोर्टात भांडत बसण्यापेक्षा स्टॉलमनने तो भाग स्वतः नव्याने लिहून काढला. जुलै १९८५ च्या १६.५६ या आवृत्तीत गॉसलिंगचा कोड उरला नव्हता. त्याच ऑक्टोबरात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झालं.

आता बघा, यात चोर कोणीच नव्हता. मित्र खरं बोलत होता असं धरलं, तरी त्याच्याकडे होतं काय? एक ई-मेल. म्हणजे उताऱ्यावर नाव एकाचं आणि जमीन कसतोय दुसराच. फाउंडेशनने पुढे इमॅक्ससाठी लेखी हक्क-हस्तांतरणाची पद्धत ठेवली, तिच्या मुळाशी हा चटका असणार असं मला वाटतं. त्यांचं अधिकृत कारण सरळ आहे: कोणी परवान्याचा भंग केला तर कोर्टात उभं राहायला सगळे हक्क एका हातात असलेले बरे. तुम्ही हक्क लिहून देता, ते तुम्हाला आपलाच कोड हवा तसा वापरायची मुभा परत देतात आणि तो कायम मुक्त ठेवायचं वचन देतात. साधारण पंधरा ओळींपर्यंतचा बारीकसारीक बदल असेल तर कागद लागत नाही.

या कागदाची किंमतही मोजावी लागली. १९९२ मध्ये ल्युसिड कंपनीने इमॅक्सची वेगळी चूल मांडली, तिचाच पुढे एक्सइमॅक्स झाला. त्यात कितीतरी चांगल्या गोष्टी होत्या. पण कोणती ओळ कोणाची याचे कागद नाहीत म्हणून तो कोड ग्नू इमॅक्सला सरसकट घेता येईना. भाऊबंदकी म्हणतात ती हीच!

आता येऊ पॅकेजांकडे. पूर्वी पॅकेज बसवणं म्हणजे न्यूजग्रुपवरून किंवा इमॅक्सविकीवरून फाइल उचलायची, एका फोल्डरमध्ये टाकायची आणि आपल्या सेटिंगच्या फाइलमध्ये तिचा पत्ता लिहायचा. २००७ मध्ये टॉम ट्रोमी याने एल्पा नावाचं भांडार आणि त्यातून पॅकेज उतरवणारं पॅकेज.ईएल तयार केलं. २०१० मध्ये अधिकृत ग्नू एल्पा आलं आणि जून २०१२ च्या इमॅक्स २४ मध्ये ही सोय घरातच मिळाली. पण ग्नू एल्पा म्हणजे इमॅक्सचाच भाग, त्यामुळे तिथे कागद हवाच. याच सुमारास मेल्पा उभं राहिलं. तिथे परवाना मुक्त असला की झालं, हक्क लिहून द्यायची गरज नाही. लोक तिकडे धावले यात नवल ते काय! आज मेल्पात पाच हजारांहून जास्त पॅकेजं आहेत आणि ग्नू एल्पा शेकड्यांतच आहे. शेवटी फाउंडेशनच्या छत्राखालीच, पण कागद न मागणारं नॉनग्नू एल्पा निघालं आणि एप्रिल २०२२ च्या इमॅक्स २८ पासून ते आपोआप जोडलेलं येतं.

हे सगळं मी वाचत बसलो, कारण माझंही एक पिल्लू भांडारात जायच्या तयारीत आहे. काम फुटकळ: मजकुरातले इंग्रजी आकडे देवनागरी करायचे, पण कोडचे तुकडे आणि वेबपत्ते यांना हात लावायचा नाही. घरी चालणारी फाइल चारचौघांत न्यायची तर तिला आंघोळ घालून, भांग पाडून न्यावं लागतं. इमॅक्स लिस्पमध्ये नावांना वेगवेगळ्या खोल्या नाहीत, सगळं एकाच दिवाणखान्यात. म्हणून प्रत्येक फंक्शनच्या नावाआधी पॅकेजचं नाव आडनावासारखं लावायचं, आणि घरगुती फंक्शन असेल तर मध्ये दोन डॅश. चेकडॉक नावाचे मास्तर म्हणतात, माहितीची पहिली ओळ हे पूर्ण वाक्य हवं, शेवटी पूर्णविराम हवा. पॅकेज-लिंट म्हणतो, इमॅक्सची किमान कोणती आवृत्ती लागते ते लिहा.

मला सगळ्यात आवडलेला नियम म्हणजे फाइलच्या शेवटी 'अमुक फाइल इथे संपली' अशी ओळ लिहायची. ही ओळ नसली तर पॅकेज.ईएल वर्षानुवर्षं फाइल घेतच नसे. का? तर फाइल वाटेत तुटून अर्धवट पोचली तर वाचणाऱ्याला ते कळावं म्हणून. वाटेतले धोके बदलले, पण त्यांची आठवण नियमात राहून गेली. कागदाचंही तसंच आहे.

हे सगळे सोपस्कार एका शनिवार-रविवारात उरकले. मग आली खरी ग्यानबाची मेख. तुमच्या कोडवर मालक हक्क सांगू शकत असेल, तर ग्नू एल्पासाठी त्याच्याकडूनही 'आमचा यावर दावा नाही' असं पत्र लागतं. मी माझं नेमणूकपत्र काढून वाचलं. त्यात नोकरीच्या काळात केलेलं जवळपास काहीही कंपनीचं, अशा अर्थाचं एक लांबलचक कलम आहे. सही करताना कोण वाचतं हो? एचआरला मेल टाकली, त्यांनी ती लीगलकडे टोलवली. पाच आठवडे झाले, अजून सामसूम.

मित्र म्हणाला, "अरे वेड्या, मेल्पात टाक की, तिथे कोण विचारतंय!" मलाही आधी हेच वाटलं होतं. पण जरा कायदा बघितला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कंप्युटर प्रोग्रॅम हे 'साहित्यकृती'त मोडतात (म्हणजे मीही साहित्यिक!). कलम १७ म्हणतं, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तर. आणि कलम १९ म्हणतं, हक्क द्यायचे तर ते लेखी हवेत, सही हवी. म्हणजे घरी, रात्री, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेला कोड या कलमाबाहेर आहे असं मी म्हणेन, पण नेमणूकपत्रातला करार वेगळंच काहीतरी म्हणतोय. हा गुंता ग्नू एल्पाने निर्माण केलेला नाही. तो माझ्या सहीच्या दिवसापासून तिथेच होता. ग्नू एल्पा फक्त विचारतं, मेल्पा विचारत नाही, एवढाच फरक. तलाठ्याने उतारा मागितला नाही म्हणून जमीन आपली होत नाही. आणि उद्या कंपनीने दावा केलाच, तर ज्यांनी विश्वासाने ते पॅकेज बसवलं आणि त्यावर पुढे काही बांधलं, त्यांची अवस्था १९८५ च्या स्टॉलमनसारखी होणार. तो निदान नव्याने लिहू शकत होता.

कागद मागण्याची पद्धत सगळ्यांना पटते असं नाही. जीसीसी आणि जीलिबसी यांनी २०२१ मध्ये ही सक्ती सोडली. इमॅक्सने ठेवली आहे. ज्याचा मालक पत्र देत नाही त्याने काय करायचं, या प्रश्नाला त्यांच्याकडे चांगलं उत्तर नाही, आणि त्यामुळे कितीतरी चांगले हात बाहेर राहतात हेही खरं. तरीही माझं पॅकेज मी अजून कुठेच टाकलेलं नाही. लीगलला दर सोमवारी आठवणीची मेल जाते.

तर मंडळी, घरी हौसेने कोड लिहीत असाल तर या रविवारी एवढं करा. कपाटातल्या फाइलीतून नेमणूकपत्र काढा आणि 'बौद्धिक संपदा' असा मथळा असलेलं कलम सावकाश वाचा. आणि नवीन नोकरी घेणार असाल तर सही करायच्या आधीच त्यात घरच्या कोडची सूट लिहून मागा. त्या दिवशी एचआर तुमच्या मेलला तासाभरात उत्तर देतं. नंतर नाही.