मणिबेलीची रेंज

२०१९ सालच्या सप्टेंबरात सरदार सरोवर पहिल्यांदा काठोकाठ, म्हणजे १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. त्यानंतर महिनाभराने मी मणिबेलीला गेलो होतो. बोटीतून उतरून टेकडी चढताना खिशातला फोन थरथरला. गुजरातमध्ये तुमचं स्वागत आहे, असा संदेश. मी उभा होतो महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात. पुढे चाललेला पोरगा हसला. म्हणाला, "भाई, इथं रेंज गुजरातचीच. ती पण त्या सागाखालीच मिळते."

मंडळी, इंटरनेट देशात कसं आलं हे सांगणारी बरीच मंडळी आहेत आणि ती माझ्यापेक्षा जाणती आहेत. मी आपला कविता करणारा माणूस. पण या तारेच्या एका टोकाला मी बारा वर्षं दुकान मांडून बसलो होतो, तेवढ्या अधिकाराने बोलतो.

मराठी घेऊन बी. ए. झालो. मुसलमानाच्या पोराने मराठीत कविता लिहाव्यात याचं कौतुक खूप झालं, पण कौतुकाचा आणि नोकरीचा संबंध नसतो. शेवटी अब्बांनी मोलगीच्या बाजारात बांगड्या विकून साठवलेले पैसे काढले आणि १९९२ साली अक्कलकुव्यात मला एस.टी.डी.चा पिवळा बूथ टाकून दिला. असे बूथ त्या काळात गावोगाव उगवत होते. १९८४ साली स्थापन झालेल्या 'सी-डॉट'ने बनवलेली छोटी टेलिफोन केंद्रं वातानुकूलित खोलीशिवाय, धुळीत नि उन्हात चालत, म्हणून तर फोन आमच्यासारख्या गावापर्यंत पोचला. पुढे जे काही आलं ते या तांब्याच्या तारेवरूनच आलं, ही गोष्ट हल्ली विसरली जाते.

माझ्या गिऱ्हाइकांत मणिबेलीचे एक काका होते. धरणाच्या पाण्यात जाणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव मणिबेली. नर्मदेच्या काठावर, शूलपाणेश्वराच्या जुन्या देवळाजवळ वसलेलं. गावातली काही कुटुंबं गुजरातेत परवेटा इथल्या वसाहतीत गेली, काही डोंगर सोडेनात. काकांचा धाकटा भाऊ तिकडे गेला, काका राहिले. डोंगर उतरून, मिळेल त्या गाडीला लोंबकळून ते बूथवर येत आणि तिथल्या एका दुकानदाराचा नंबर लावायला सांगत. दुकानदार भावाला बोलावून आणेपर्यंत आम्ही फोन ठेवून वाट बघायचो. रात्री अकरानंतर पाव दर लागे, पण काकांना त्याचा उपयोग नव्हता. तिकडचा दुकानदार नऊलाच झोपायचा. म्हणून दिवसाचा पूर्ण दर. मीटरचे आकडे पळताना बघून काका बोलणं विसरत. एकदा नुसतं "पाणी आलं" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. तो १९९३ चा पावसाळा.

आता त्याच काळात मुंबईत काय चाललं होतं ते सांगतो. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत घेऊन, 'अर्नेट' नावाचं संगणकांचं जाळं विणायला घेतलं. आय.आय.टी., बंगळूरची विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूला असलेलं 'एन.सी.एस.टी.' हे राष्ट्रीय संगणक केंद्र, अशा मोजक्या संस्था त्यात होत्या. जुहूचं केंद्र आणि पवईची आय.आय.टी. यांच्यात १९८७ च्या सुमारास ई-मेलची ये-जा सुरू झाली. पुढे परदेशाशी जोडणी झाली तिचा वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट. म्हणजे एखादी कविता चटकन गेली असती, कवीचा फोटो मात्र चहा पिऊन होईपर्यंत आला नसता. १९८९ साली भारताच्या नावाचं '.इन' हे शेवटचं अक्षर जगाच्या नोंदवहीत चढलं. देशाला स्वतःची पाटी मिळाली, घरं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

सामान्य माणसासाठी दार उघडलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथे सेवा सुरू केली. नुसती अक्षरं दिसणाऱ्या खात्याला वर्षाला पाच हजार रुपये, चित्रं दिसणाऱ्या खात्याला पंधरा हजार, आणि त्यात तास मिळायचे अडीचशे. सुरुवातीला लाइनच लागत नसे, तेव्हा लोकांनी एवढा आरडाओरडा केला की निगमच्या अध्यक्षांना चूक झाल्याचं कबूल करावं लागलं. पंधरा हजारांत त्या वेळी आमच्याकडे बैलजोडी येऊन वर बियाण्याला पैसे उरले असते.

गंमत अशी की, मणिबेली हे नाव इंटरनेट भारतात येण्याआधीच जगभर फिरून आलं होतं. नर्मदा बचाव आंदोलनाचा पावसाळी सत्याग्रह १९९१ पासून तिथे चालला होता. १९९२ साली मोर्स आयोगाचा अहवाल आला, आणि १९९३ च्या मार्चमध्ये भारत सरकारने जागतिक बँकेचं उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. १९९४ साली ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी एक जाहीरनामा काढला आणि मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवा, असं बँकेला सांगितलं. त्याचं नाव 'मणिबेली जाहीरनामा'. आजही तो इंटरनेटवर कुणालाही वाचता येतो. ज्या गावाचं नाव त्याला दिलं, तिथून मात्र निरोप माणसाच्या पायांनी येई. कार्यकर्ते चिठ्ठी घेऊन बूथवर यायचे, मी ती फोनवरून वर्तमानपत्रांना सांगायचो. 'शूलपाणेश्वर' हे नाव पलीकडच्या उपसंपादकाला मी किती वेळा फोडून सांगितलं असेल!

१९९८ साली दोन गोष्टी झाल्या. धुळ्यातून आमचा नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला, आणि इंटरनेट पुरवण्याची मुभा खासगी कंपन्यांना मिळाली. त्याच वर्षी वारणानगरला आसपासच्या सत्तर गावांना संगणकाने जोडण्याचा प्रयोग सुरू झाला. तिथे साखर कारखाना होता, दूध होतं, रस्ते होते. तार पैशाच्या मागे जाते. तारेला दोष देण्यात अर्थ नाही, पण हे बोलायचंही कुणी नाही, असं का?

२००३ मधली एक घडामोड मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिची वर्तमानपत्रांत फारशी चर्चा झाली नाही. तोवर एका कंपनीच्या गिऱ्हाइकाने मुंबईहून पुण्यातल्या दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाला पत्र धाडलं, तर ते अनेकदा समुद्राखालून अमेरिकेला जाऊन परत यायचं. घराला घर लागून, पण भिंतीत दार नाही. त्या वर्षी 'निक्सी' ही संस्था निघाली. तिने सगळ्या कंपन्यांच्या तारा देशातल्या देशात एकत्र येतील असे नाके उभारले. २००५ मध्ये तिच्याच देखरेखीखाली '.इन' नावं सर्वांना खुली झाली. पुढे २०१२ पासून इंटरनेटचे पत्ते, म्हणजे ते लांबलचक आकडे, वाटण्याची भारताची स्वतःची नोंदणी सुरू झाली. २०१४ मध्ये देवनागरीत '.भारत' आलं, त्यात मराठीही होती. तो दिवस मी पेढे वाटून साजरा केला. ज्या माणसाच्या कविता एका संगणकावरून दुसऱ्यावर गेल्या की चौकोन आणि प्रश्नचिन्हं होऊन निघायच्या, त्यालाच त्या पेढ्याची चव कळेल. युनिकोड रुळेपर्यंत मी संपादकांना 'फॉन्ट सोबत पाठवला आहे' असं दर पत्रात लिहीत असे.

तोवर बूथ गेला होता. मोबाइल आल्यावर २००४ मध्ये मी मीटर काढून दोन संगणक मांडले. २००८ च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या तारा तुटल्या आणि भारताचं इंटरनेट मंदावलं. अर्ज भरायला आलेली पोरं माझ्यावरच चिडली. इजिप्तच्या समुद्रात काहीतरी झालंय, असं मी सांगितलं, तर एक जण म्हणाला, "भाई, कविता नका सांगू."

सरकारने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते आमच्याच जिल्ह्यात, टेंभलीला. २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याची योजना मंजूर झाली, २०१५ पासून तिला 'भारतनेट' म्हणू लागले. माझं म्हणणं मोजदादीबद्दल आहे. ही योजना पंचायत मोजते. सातपुड्यात पंचायत म्हणजे एक गाव नव्हे, ती टेकड्याटेकड्यांवर विखुरलेल्या पाड्यांची असते. कार्यालयात तार आली की कागदावर पंचायत जोडली गेली. तिथून शेवटच्या पाड्याचं अंतर कुणाच्या तक्त्यात नाही. आणि मधे पाणी असेल तर विचारायलाच नको. तार रस्त्याकडेने जाते, आणि मणिबेलीचा रस्ता नर्मदेवरून जातो.

पूर्वी रेंज नसली तर फोन लागत नसे, एवढंच. आता धान्याच्या दुकानातलं यंत्र अंगठा मागतं आणि अंगठ्याला रेंज लागते. यंत्र डोक्याशी धरून टेकडी चढणारा दुकानदार आणि त्याच्या मागे पोती सांभाळणाऱ्या बाया, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. २०२० मध्ये शाळा फोनवर गेल्या तेव्हा डोंगरातल्या पोरांची शाळा कुठे गेली, ते त्यांच्या मास्तरांनाच विचारा.

राज्याच्या विधानसभेतला क्रमांक एकचा मतदारसंघ अक्कलकुवा. मणिबेलीला मतदानाची पेटी बोटीतून जाते. यादी इथून सुरू होते.

त्या दिवशी सागाखाली काका बसलेले होते. आता ऐकू कमी येतं. नातवाने परवेट्याला व्हिडिओ कॉल लावला. बऱ्याच वेळाने पडद्यावर धाकट्या भावाचा चेहरा आला, तोंड उघडं, आणि तिथेच थांबला. आवाज नाही. नातू फोन उंच धरून चवड्यांवर उभा राहिला. काका त्या थांबलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "भाई, याचा मीटर कुठं दिसतो?"