वेष्टणावरील खुणा

एखाद्या ग्रंथमालेचा अखेरचा भाग निघावयाचा असला म्हणजे त्याच्या आधीं कित्येक महिने वाचकांत मोठी गडबड उडून जाते, हें अलीकडे सर्वांच्या परिचयाचें झालें आहे. प्रकाशक मुखपृष्ठ आगाऊ प्रसिद्ध करितात, मिनिटा-दोन मिनिटांच्या जाहिरातीच्या चित्रफिती काढितात. आणि वाचक त्यांतील एकेक चित्र थांबवून, पात्राच्या हातांतील अंगठी, भिंतीवरील सांवली, मागें दिसणारें अर्धवट उघडें दार यांवरून शेवट काय होणार याचा तर्क बांधीत बसतात. वडील मंडळींस हा पोरखेळ वाटतो, आणि तो चित्रफितींच्या युगानेंच जन्मास घातला अशी त्यांची समजूत असते. परंतु इतिहास पाहूं गेल्यास हा खेळ पावणेदोनशें वर्षांहून जुना आहे, आणि तो खेळणारांत मोठमोठे विद्वान् होऊन गेले आहेत.

चार्लस् डिकन्सची ‘बार्नबी रज’ ही कादंबरी सन १८४१ मध्यें साप्ताहिक हप्त्यांनीं निघत होती. तिच्यांतील एका जुन्या खुनाचा उलगडा होण्यास पुष्कळ अवकाश असतांना, त्या वर्षीं १ मे रोजीं, अमेरिकेंत एडगर ॲलन पो यानें ‘सॅटर्डे ईव्हिनिंग पोस्ट’ या पत्रांत आपला तर्क छापून टाकला: मेला असें ज्यास सर्वजण समजतात तो बार्नबीचा बापच खुनी होय. तपशिलाच्या कांहीं गोष्टी चुकल्या, तरी मुख्य तर्क खरा ठरला. याच्या एकच महिना आधीं पोची ‘रू मॉर्गमधील खून’ ही गोष्ट प्रसिद्ध झाली होती, व तीस आधुनिक हेरकथांतील पहिली मानण्याचा प्रघात आहे. म्हणजे हेरकथा आणि हेर-वाचक हीं जुळीं भावंडेंच म्हणावयाचीं.

या खेळाचें खरें नाटक मात्र एकोणतीस वर्षांनंतर घडलें. एप्रिल १८७० पासून डिकन्सची ‘एड्विन ड्रूडचें रहस्य’ ही कादंबरी दरमहा एक शिलिंग किंमतीच्या भागांनीं निघूं लागली. एकंदर भाग बारा व्हावयाचे होते. कथानक थोडक्यांत असें: जॉन जॅस्पर हा एका जुन्या गांवांतील ख्रिस्ती देवालयाच्या गायकवृंदाचा प्रमुख, वरून सभ्य, आंतून अफूच्या आहारीं गेलेला. त्याचा भाचा एड्विन याचें लग्न रोझा नांवाच्या मुलीशीं लहानपणींच ठरलेलें. आणि त्याच मुलीवर जॅस्परचें मन बसलेलें. नाताळच्या आदल्या रात्रीं एड्विन नाहींसा होतो. नदीच्या बंधाऱ्यापाशीं त्याचें घड्याळ सांपडतें, प्रेत सांपडत नाहीं. पुढें डॅचरी नांवाचा पांढऱ्या केंसांचा एक अनोळखी गृहस्थ गांवांत येऊन राहतो, आणि तो वेषांतर केलेला आहे हें चाणाक्ष वाचकाच्या लक्षांत येतें.

डिकन्सला शेवट गुप्त ठेवण्याची मोठी दक्षता होती. आपणांस सुचलेली कल्पना सांगितली तर पुस्तकाची गोडीच जाईल, असें त्यानें आपला मित्र जॉन फॉर्स्टर यास कळविलें होतें. मार्च १८७० मध्यें मात्र व्हिक्टोरिया राणीस, तिची इच्छा असल्यास, प्रजाजनांच्या आधीं पुढील कथा थोडीशी सांगण्याची तयारी त्यानें दर्शविली. राणीनें तिचा लाभ घेतला नाहीं. प्रकाशकांशीं झालेल्या करारांत, ग्रंथ पुरा होण्यापूर्वीं लेखक मृत्यु पावल्यास काय करावें याचें कलम डिकन्सनें स्वतःच घालून घेतलें होतें. त्या कलमाची वेळ आली. ९ जून १८७० रोजीं तो वारला. तोंपर्यंत तीन भाग निघाले होते. आणखी तीन त्याच्या लिखाणांतून निघाले, आणि बरोबर अर्ध्यावर कथा थांबली.

आतां वाचकांच्या हातीं अर्धी कादंबरी राहिली, आणि राहिलें तें तिचें वेष्टण. प्रत्येक मासिक भागावर एकच चित्रमय वेष्टण असे. तें डिकन्सचा जांवई चार्लस् कॉलिन्स यानें पहिला भाग निघण्यापूर्वींच काढलेलें होतें. आजची जाहिरातीची चित्रफीत जें काम करिते, तेंच काम त्याकाळीं हें वेष्टण करी. त्यावर एका बाजूस ‘हरवला आहे’ अशी जाहिरात वाचणारी स्त्री आहे. दुसऱ्या बाजूस वळणाच्या जिन्यानें कांहीं पुरुष लगबगीनें वर चढत आहेत. खालच्या कोपऱ्यांत अफू ओढणारीं माणसें आहेत. आणि मध्यभागीं, हातांत कंदील घेतलेला एक मनुष्य अंधाऱ्या जागेंत शिरत असून त्याच्यासमोर एक तरुण आकृति स्तब्ध उभी आहे. ही आकृति कोणाची? एड्विन जिवंत आहे काय? कीं त्याच्या वेषांत दुसरें कोणी खुन्यास भिवविण्यास उभें आहे?

या प्रश्नांवर लहानसें ग्रंथालय भरेल एवढें लिहिलें गेलें आहे. ज्योतिर्विद् रिचर्ड प्रॉक्टर यानें १८८७ सालीं पुस्तक लिहून एड्विन वांचला व तोच डॅचरी होय असें प्रतिपादिलें. १९०५ सालीं कमिंग वॉल्टर्स यानें डॅचरी म्हणजे वेषांतर केलेली हेलेना ही तरुणी असें सांगितलें, तर त्याच वर्षीं अँड्र्यू लँगनें एड्विनच्या जिवंतपणाचा पक्ष उचलून धरला. ७ जानेवारी १९१४ रोजीं लंडनांत जॅस्परवर लुटुपुटीचा खटला भरला गेला. न्यायाधीश चेस्टर्टन, आणि ज्यूरीचे मुख्य बर्नार्ड शॉ! निकालहि त्या दोघांस शोभेसाच लागला. ज्यूरीनें खुनाऐवजीं सदोष मनुष्यवधाचा निर्णय दिला, आणि न्यायाधीशानें स्वतःखेरीज सर्वांस न्यायासनाच्या बेअदबीबद्दल दोषी ठरविलें. पुढें १९३० सालीं हॉवर्ड डफील्ड या अमेरिकन लेखकानें जॅस्पर हा आपल्याकडील ठगांच्या पंथांतला होता असा तर्क काढला. फांसगार ठग आणि इंग्लंडांतील देवळाचा गायक यांची ही सोयरीक वाचून आपल्यास हंसूं येईल. पण एडमंड विल्सनसारख्या नाणावलेल्या टीकाकारानें ती गंभीरपणें विचारांत घेतली.

मौजेची गोष्ट ही कीं, साक्षीदार नव्हते असें नाहीं. भाच्याचा खून मामाकडूनच व्हावयाचा होता, असें फॉर्स्टरनें डिकन्सच्या चरित्रांत १८७४ सालीं स्पष्ट छापलें. दुहेरी वेढा बसेल असा लांब गळपट्टा जॅस्परच्या गळ्यांत दाखविलाच पाहिजे, कारण त्यानेंच तो एड्विनचा गळा आवळतो, असें डिकन्सनें आपणांस बजाविलें होतें, हें चित्रकार ल्यूक फिल्ड्स यानें १९०५ सालीं सांगितलें. फार काय, ज्यानें तें वेष्टण काढलें त्या कॉलिन्सनेंच १८७१ मध्यें एका पत्रांत, एड्विन पुन्हां यावयाचा नव्हता, असें लिहून ठेविलें होतें. तरीहि तर्क थांबले नाहींत. साधें उत्तर मिळालें कीं खेळ संपतो, आणि खेळ संपूं नये अशीच पुष्कळांची इच्छा होती.

येथें वाचनाच्या दोन तऱ्हांतील भेद ध्यानीं घेण्यासारखा आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः निघाली. तिच्यांत कोडें नव्हतें. यमूचें पुढें काय होणार ही काळजी होती. कोडें आणि काळजी या दोहोंनींहि वाचक पुढील हप्त्याची वाट पाहतो. परंतु कोड्याचें उत्तर कळतांच पुस्तक मिटतां येतें, काळजी मात्र पुस्तक मिटल्यावरहि मनांत राहते. डिकन्सच्या मनांत कोणती होती? त्यानें जॅस्परला अफूच्या गुंगींत पहिल्याच प्रकरणांत उभा केला आहे. खुनी लपवावयाचा असता तर तो असें करता ना. फॉर्स्टर सांगतो कीं, अखेरचीं प्रकरणें फांशीच्या कोठडींत घडावयाचीं होतीं. तेथें खुनी आपल्या कृत्याची हकीकत, जणूं दुसऱ्याच कोणाची असावी तशी, सांगणार होता. तेव्हां खून कोणीं केला हें रहस्य नव्हतेंच. एकाच देहांत दोन माणसें कशीं राहतात हें रहस्य होतें. वेष्टणावरील आकृतीचें नांव ठरविण्यांत जे गुंतले त्यांच्या हातून नेमकें हेंच निसटलें.

म्हणून हेर-वाचकाची थट्टा करावी असें मात्र नाहीं. २००५ सालीं हॅरी पॉटर मालेच्या सहाव्या भागांत ‘आर. ए. बी.’ एवढ्याच सहीची एक चिठ्ठी आली. वाचकांनीं परभाषांतील भाषांतरें ताडून पाहिलीं. डच भाषांतरांत शेवटचें अक्षर ‘झेड’ होतें, नॉर्वेजियन भाषांतरांत ‘एस’. आणि त्या त्या भाषेंत ‘ब्लॅक’ या आडनांवाचें रूपांतर त्याच अक्षरांनीं आरंभ होत होतें. पाठभेदांवरून अर्थ लावणाऱ्या कोणाहि पंडितानें मान डोलवावी अशी ही युक्ति! २१ जुलै १९७० नव्हे, २००७ रोजीं शेवटचा भाग निघाला आणि तर्क खरा ठरला. पण त्या तीन अक्षरांमागील तरुणाचा पश्चात्ताप, आपल्या घरच्या दीन सेवकासाठीं त्यानें पत्करलेलें मरण, हें कोणत्याहि खुणेवरून कळण्याजोगें नव्हतें. तें लेखिकेनेंच सांगावें लागलें.

ड्रूडच्या वाचकांस जें कायमचें अंतरलें तें हेंच. खुन्याचें नांव त्यांस ठाऊक होतें. फांशीच्या कोठडींतला त्याचा आवाज मात्र डिकन्सबरोबर गेला, आणि दीडशें वर्षांचे तर्क एकत्र केले तरी त्यांतून त्या आवाजाचें एक वाक्यहि निघालें नाहीं.