ग्लोव्ह बॉक्समधलं पाकीट

तासगावचे एक द्राक्ष बागायतदार गेल्या मे महिन्यात माझ्याकडे गाडी घेऊन आले. आबा म्हणतात त्यांना. जुनी गाडी घेण्याआधी ती तपासून देणं हा माझा गेल्या बारा वर्षांचा उद्योग. त्याआधी सव्वीस वर्षं पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होतो. गाडी परदेशी कंपनीची, काळी, हत्तीएवढी, एमएच १२ पासिंग. नवी असताना साठ लाखांच्या वर गेलेली, आता सव्वाआठ लाखांत मिळत होती. आबा तिसरे मालक होणार होते.

"बघा जरा. पाव्हणे म्हणत्यात, एवढ्या पैशात नवी बारकी गाडी येती. पण ही कशी दारात उभी केली की घर भरल्यागत वाटतंय."

मी बॉनेट उघडायच्या आधी नेहमी ग्लोव्ह बॉक्स उघडतो. गाडीचं खरं चरित्र तिथे असतं. सर्व्हिस बुक, जुन्या पीयूसीच्या चिठ्ठ्या, एका लग्नाची पत्रिका, आणि तळाशी एक न फोडलेलं पाकीट. वर कंपनीचा शिक्का, खाली कोरेगाव पार्कातला पत्ता. दुसऱ्याचं पत्र फोडू नये हे आईने शिकवलं होतं. पण आईला कुणाच्या गाड्या तपासायच्या नव्हत्या. आत एका पानाचा मजकूर. शेजारच्या सीटसमोरच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर, म्हणजे पिशवी फुगवणारा भाग, सदोष असू शकतो, जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तो विनामूल्य बदलून घ्यावा. ती एअरबॅग कुठे असते? त्याच खणाच्या वर, वीतभर अंतरावर. पत्र आणि पत्राचा विषय कित्येक वर्षं एकमेकांना टेकून गावभर हिंडत होते.

सदोष गाडी कंपनीने अशी परत बोलावणं म्हणजे रिकॉल. हा शब्द आपल्याकडे नवा, पण ही रीत साठ वर्षांची आहे आणि पहिल्या दिवसापासून ती पत्त्यावर अडलेली आहे. अमेरिकेत १९६५ साली राल्फ नेडर यांचं 'अनसेफ ॲट एनी स्पीड' आलं आणि पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९६६ मध्ये, अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. तोपर्यंत कंपन्या दोष सापडला तर गाडी सर्व्हिसिंगला येईल तेव्हा गुपचूप भाग बदलून टाकत. आली नाही, तर नाही. कायद्याने सांगितलं, गिऱ्हाइकाला कळवा, तेही रजिस्टर पत्राने. पण कुणाला? पहिल्या खरेदीदाराला, आणि गाडीबरोबर वॉरंटीही पुढे गेली असेल तरच नंतरच्या मालकाला. शिवाय कळवणं सक्तीचं झालं, फुकट दुरुस्ती नाही. तुमच्या गाडीत खोट आहे हे कंपनी रीतसर सांगणार आणि खर्च तुम्ही बघा, अशी ती गंमत. बहुतेक कंपन्या फुकट करून देत, पण कायद्यात ती सक्ती यायला १९७४ उजाडलं.

आपल्याकडे त्या काळी हा प्रश्नच नव्हता. गाडी मिळायलाच वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं, मग तिला नावं कोण ठेवणार? खंडाळ्याच्या घाटात पेट्रोल पंप तापून गाडी बंद पडली की त्यावर ओलं फडकं टाकायचं, पोरांना झाडाखाली बसवून डबा उघडायचा आणि पंप निवला की पुढे निघायचं. ते फडकं डिकीत कायम असे. आमचे उस्ताद म्हणायचे, कंपनीने गाडी अर्धी बनवलीय, उरलेली आपण बनवायची.

मोठ्या एसयूव्ही आल्या आणि खोट चालवून घेण्याचं हे गणित बदललं. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत बोलावले. त्यातले पुष्कळ फोर्ड एक्स्प्लोररला लागलेले. टायरची वरची नक्षीची पट्टी सोलून निघायची, आणि उंच गाडी वेगात असली की उलटायची. लोक चिडले ते वेगळ्याच गोष्टीवर. सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएलात फोर्डने असे टायर आधीच बदलून द्यायला सुरुवात केली होती. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला, की परदेशात गाडी परत बोलावली तरी कामकाजाच्या पाच दिवसांत आम्हाला कळवायचं.

एअरबॅगची कथा तर थेट आमच्या हवामानाची आहे. ताकाता या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षं उष्मा आणि दमटपणा खाल्ला की ते बिघडतं, आणि मग धडकेच्या वेळी पिशवी फुगवण्याऐवजी धातूचं कवचच फोडून तुकडे बसणाऱ्याच्या अंगावर फेकतं. होंडाने २००८ मध्ये चारेक हजार गाड्यांपासून सुरुवात केली. पुढे एकट्या अमेरिकेत आकडा सुमारे ६.७ कोटी इन्फ्लेटरवर गेला आणि २०१७ मध्ये ताकाताचं दिवाळं निघालं. तिथे प्राधान्याने बोलावल्या त्या फ्लोरिडासारख्या दमट किनारी भागातल्या गाड्या. मी नकाशा पाहिला तेव्हा मला रत्नागिरी आठवली. मे २०२३ मध्येही बीएमडब्ल्यूला अमेरिकेतल्या सुमारे ९० हजार जुन्या गाड्यांच्या मालकांना सांगावं लागलं, की गाडी चालवूच नका. त्यात पहिल्या पिढीची एक्स-५ होती, वीस वर्षांपूर्वीची. त्या गाड्या आता कितव्या हातात असतील याचा विचार करा.

याहून बोलकं उदाहरण मर्सिडीजच्या एमएल, जीएल आणि आर-क्लासचं. २००४ ते २०१५ मध्ये बनलेल्या जवळजवळ दहा लाख गाड्या २०२२ मध्ये परत बोलावल्या गेल्या. ब्रेक बूस्टरवर एक रबरी आवरण असतं. त्याच्याखाली पाणी साचतं, पत्रा गंजतो, हवा गळायला लागते. पेडल दाबलं की पायाशी फुस्स असा आवाज, आणि पाय जास्त जोराने रोवावा लागतो. गंज फारच वाढला तर पेडल आणि ब्रेक यांचा संबंधच तुटू शकतो. अमेरिकेतल्या मालकांना सांगितलं, गाडी उभी करा, आम्ही टो करून नेतो. तेव्हापासून कुठलीही जुनी एसयूव्ही आली की मी आधी काचा वर करतो, एसी आणि रेडिओ बंद करतो आणि नुसतं पेडल दाबून कान देतो. शंभर रुपयांचंही हत्यार लागत नाही.

अशा जुन्या गाड्यांच्या बाबतीतच आपला कायदा तोकडा पडतो असं माझं मत. २०१२ च्या जुलैत वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेची संहिता काढली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकार सक्तीने गाड्या परत बोलवायला लावू शकतं. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. उत्तम. पण गाडी सात वर्षांच्या आतली हवी. गंज आणि दमटपणा सात वर्षं मोजून काम करत नाहीत. आणि महागड्या गाड्या नेमक्या सातव्या-आठव्या वर्षी स्वस्त होऊन आबांसारख्यांच्या दारात येतात.

दुसरी गफलत गिऱ्हाइकांची. त्यांना वाटतं, तक्रार म्हणजे रिकॉल. रात्रीत एअर सस्पेन्शन बसून गाडी सकाळी एका बाजूला म्हशीसारखी लोळलेली दिसते, त्याला कुणी बोलावत नाही. मर्सिडीजच्याच व्ही-६ डिझेल इंजिनात, दोन ओळींच्या सिलिंडरांच्या मधल्या खोबणीत, ऑइल कूलर असतो. त्याची मूळची नारिंगी सीलं कडक होऊन तेल गळतं, म्हणून नंतर जांभळी आली. सील किरकोळ किमतीचं, पण तिथे पोचायला अर्धं इंजिन उतरवावं लागतं. त्याचं बिल मालकाचंच. तेल गळल्याने माणूस मरत नाही, एवढाच फरक.

आबांना मी पत्र वाचून दाखवलं. ते बराच वेळ त्या खणाकडे बघत बसले. मग म्हणाले, "आमची मंडळी बसणार हितं."

चासी नंबर टाकून पाहिला. सतरा आकडी-अक्षरी नंबर असतो तो. एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात. काम बाकीच दाखवत होतं. विकणाऱ्याला सांगितलं, आधी हे करून आण, मग इसार. तीन आठवड्यांनी नवा इन्फ्लेटर बसला, कुणी पैसे मागितले नाहीत. आरसी बुकावर आबांचं नाव चढलं, पण तेवढ्याने कंपनीच्या वहीतला पत्ता बदलत नाही, म्हणून त्यांना घेऊन मी स्वतः काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीने ईमेल विचारला. आबा म्हणाले, "लिवा. मुक्काम पोस्ट," आणि पुढे गाव, तालुका, जिल्हा, पिन कोड, सगळं सावकाश सांगून शेवटी म्हणाले, "मळ्यात ऱ्हातो, पण पत्र गावातल्या घरी द्या. पोस्टमन आमच्या भावकीतलाच हाय."