इंदूर आणि निर्वाचनाचा अखत्यार
होळकरांच्या संस्थानी अंमलात ज्या इंदुरात हुकूम राजवाड्यातून सुटत असे, ते इंदूर १९४८ साली मध्यभारतात आणि १९५६ साली मध्यप्रदेशात विलीन झाले. परंतु मत मोजणारा हात राज्यकर्त्याच्या हाताहून निराळा असावा, हे तत्त्व घटनेत रुजविणारे डॉक्टर आंबेडकर याच शहराशेजारच्या महूच्या छावणीत १८९१ साली जन्मले, हा योगायोग लक्षणीय होय. प्रत्येक प्रांतास स्वतंत्र निर्वाचन आयोग असावा ही मूळ तजवीज बाजूस सारून, १५ जून १९४९ रोजी त्यांनी घटनासमितीपुढे एकाच मध्यवर्ती आयोगाचा प्रस्ताव ठेवला; कारण काही प्रांतांतील अंमलदार वंशाने, भाषेने वा संस्कृतीने भिन्न असलेल्यांची नावे मतदारयाद्यांतून वगळत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. हिंदी मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या इंदूरकर मराठी मंडळींस अशा वगळले जाण्याच्या भीतीचे मर्म सांगावयास नको.

पुढे ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिका यांच्या निवडणुका राज्य निर्वाचन आयोगांकडे सोपविल्या आणि राज्य निर्वाचन आयुक्तास पदच्युतीबाबत उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतके संरक्षण दिले. तथापि इंदूर महापालिकेची मुदत २०२० साली संपूनही निवडणूक रखडली. १० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगास अधिसूचना काढण्याचे फर्माविले, तेव्हा कोठे ६ जुलै रोजी मतदान झाले. अधिकार कागदावर असून भागत नाही; तो मुदतीत वापरणे, हेच आयोगाच्या स्वातंत्र्याचे खरे प्रमाण होय.